मंदी कोणाच्या नावावर?

मंदी आली की नाही हे कळायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. संध्याकाळी हिंजवडीहून वाकडकडे निघावं, ट्रॅफिकमध्ये अडकावं आणि मान वर करून होर्डिंगं वाचावीत. तेजी असते तेव्हा त्यांच्यावर नुसता डोंगर, थोडं धुकं आणि एखादा फ्रेंच वाटणारा शब्द असतो. भाव छापणं कमीपणाचं मानतात. मंदीची चाहूल लागली की डोंगर जातो आणि मॉड्युलर किचन येतं. नोकरकपातीच्या बातम्या वाढल्या की किचनच्या जोडीला दोन एसी. दिवाळीपर्यंत माल उठला नाही तर सोन्याचं नाणं, आणि गुढीपाडव्यालाही उठला नाही तर ‘स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून’. सगळं काही मिळतं, फक्त भाव कमी करून मिळत नाही.

यात बिल्डरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याने चौरस फुटाला पाचशे रुपये उघडपणे कमी केले, तर आधी बुकिंग केलेले लोक दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात ठिय्या देतात. पुढचा प्रत्येक सौदा त्याच भावापासून सुरू होतो. आणि न विकलेल्या फ्लॅटांच्या तारणावर ज्यांनी त्याला पैसे दिलेत, त्यांची झोप उडते. त्यापेक्षा किचन फुकट देणं परवडतं. नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टूवर भाव दिसतो, किचन दिसत नाही.

सरकार तर याहून दूरदर्शी. २०२० साली कोविडने निम्मं राज्य घरी बसवलं होतं, पगार कापले जात होते, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात राज्याने रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरायच्या किमतींचे, दर सरासरी १.७४ टक्क्यांनी वाढवले. लोकांच्या घरात मंदी होती, सरकारी तक्त्यात तिची नोंद नव्हती. आता समजा, एखाद्या बिल्डरच्या मनात दया उपजली आणि त्याने फारच स्वस्तात फ्लॅट दिला. मग आयकर खातं जागं होतं. मुद्रांक शुल्कासाठी धरलेल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त स्वस्तात व्यवहार झाला, तर मधला फरक विकणाऱ्याचं उत्पन्न समजायचा आणि तोच फरक घेणाऱ्याचंही उत्पन्न समजायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राला पाझर फुटला आणि दोन कोटींपर्यंतच्या नव्या घरांसाठी दहाची मर्यादा वीस करून मिळाली, तीही जून २०२१ पर्यंतच. आपल्याकडे घरांच्या बाजारात शिरायला मंदीलासुद्धा परवाना काढावा लागतो आणि त्याचं वेळेत नूतनीकरण करावं लागतं.

तरी त्या वर्षी घरं विकली गेलीच. राज्याने १ सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि नंतर मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांची सूट दिली. झालं! लग्नाला पन्नास माणसांची परवानगी होती तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर मास्कवाल्यांच्या रांगा लागल्या. रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवर आणलेला, गृहकर्ज सातच्या आसपास. “असा मुहूर्त पुन्हा येणार नाही,” असं जो तो म्हणत होता.

आणि खरोखरच तो पुन्हा आला नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो साडेसहावर गेला आणि त्याचं बोट धरून गृहकर्जंही वर चढली. बँकांचं मन मोठं. त्यांनी पुष्कळांचा हप्ता वाढवलाच नाही, फक्त मुदत वाढवली. हे औदार्य कागदावर मांडून पाहा. सात टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज घेतलं, दोन वर्षांनी दर नऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेली अठरा वर्षं अठ्ठावीस होतात. पस्तिसाव्या वर्षी कर्ज घेतलेला गृहस्थ पंचावन्नाला मोकळा व्हायचा तो पासष्टाला होणार. निवृत्तीचं वय वाढवायला सरकार समित्या नेमतं, इथे एका एसेमेसने काम झालं. काहींना तर तो एसेमेसही आला नाही. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की बाबांनो, दर बदलला की हप्त्याचं आणि मुदतीचं काय होणार ते कर्जदाराला कळवा आणि काय हवं तेही त्यालाच विचारा.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे आमचा भाचा. हिंजवडीत नोकरी, वाकडला भाड्याचा टू बीएचके, वय एकतीस, लग्न व्हायचंय. त्याच्या टीममधल्या चौघांना एका सोमवारी लॅपटॉप उघडता येईना; एचआरला फोन केला तेव्हा कळलं की बिघाड लॅपटॉपमध्ये नाही. त्याच आठवड्यात भाच्याने विचारलं, “मामा, घर घेऊन टाकू का? मंदीत स्वस्त मिळतं म्हणतात.”

आमच्याकडे असा प्रश्न एकाला विचारला तरी उत्तर सगळं खानदान देतं. मावशी म्हणाली, “भाड्याच्या घरात आयुष्य काढणार आहेस का? शेवटी ते परक्याचं घर. उद्या ऊठ म्हणाला की उठायचं.” मावशीने कोथरूडला घर घेतलं तेव्हा कोथरूड पुण्यात धरायचं की नाही यावर वाद होता, त्यामुळे या विषयात तिच्या शब्दाला वजन आहे. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते ईएमआय म्हणजे सक्तीची बचत. चुलतभावाचं म्हणणं नेमकं उलटं. भाड्याने राहायचं आणि हप्त्यातून वाचलेले पैसे दरमहा एसआयपीत टाकायचे. त्याच्या स्वतःच्या एसआयपीतले पैसे गेल्या वर्षी बालीला जाऊन आले. आणि मुलीकडच्यांची अट तर बायोडेटा द्यायच्या आधीच फोनवर येते, मुलाच्या नावावर फ्लॅट हवा. त्या फ्लॅटवर कर्ज किती आहे, हे विचारण्याची पद्धत नाही.

एका रविवारी भाच्याबरोबर रावेतला सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो. आधी काचेखालची प्रतिकृती दाखवली. तिच्यात झाडं होती, निळा तलाव होता, पाण्याचा टँकर तेवढा नव्हता. मग फ्लॅट. आत एकाही खोलीला दार नाही, त्यामुळे दार उघडल्यावर कपाट उघडेल का, हा प्रश्नच मिटला. हॉलची एक भिंत संपूर्ण आरशाची, म्हणून हॉल दुप्पट आणि आम्हीही दुप्पट. मास्टर बेडरूममधल्या पलंगावर भाचा सहज आडवा झाला तर पाय घोट्यापासून बाहेर.

“डबल बेड आरामात बसतो सर,” ब्लेझरमधला मुलगा म्हणाला.

“बसतो हो. माणूस झोपतो का त्याच्यावर?”

तो गोड हसला आणि कॉस्ट शीट घेऊन आला. ती मात्र पूर्ण मापाची होती. फ्लॅट ८० लाखांचा. बांधकाम चालू म्हणून पाच टक्के जीएसटी, ४ लाख. मुद्रांक शुल्क आमच्या भागात सात टक्के, ५ लाख ६० हजार. नोंदणी ३० हजार. म्हणजे एका विटेलाही हात न लावता ९ लाख ९० हजार. “मॅडमच्या नावावर घेतलंत तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे सर.” पण मॅडम यायला आधी लग्न हवं आणि लग्नाला आधी फ्लॅट हवा. आईच्या नावावर घ्यावा, तर मुलीकडच्यांना चालत नाही.

या किमतीला बँक फार तर ऐंशी टक्के देते, ६४ लाख. बाकीचे १६ लाख आणि वरचे ९ लाख ९० हजार खिशातून. आठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ५३ हजार ५०० रुपये. काकांची सक्तीची बचत इथे नीट दिसते. पहिल्या हप्त्यातले ४२ हजार ६६७ रुपये व्याज आणि बचत जेमतेम ११ हजारांची. तसाच फ्लॅट पलीकडच्या सोसायटीत २५ हजारांना भाड्याने मिळतो.

भाचा गप्प झालेला पाहून ब्लेझरने ठेवणीतला पत्ता काढला. “सर, पझेशनपर्यंत हप्ता आमचे बिल्डर भरतील.” फारच छान. फक्त कर्ज भाच्याच्या नावावर असेल. बिल्डरचे हात आखडले की बँक बिल्डरला शोधत बसत नाही, ज्याची सही आहे त्याचं दार वाजवते, मग त्या दाराचं बांधकाम झालेलं असो वा नसो.

म्हणून भाड्याने राहणं म्हणजे सुख आहे असं कोणी समजू नये. भाडेकरूच्या छळाची आपल्याकडे शास्त्रशुद्ध व्यवस्था आहे. बॅचलर असाल तर सोसायटीला तुमच्या चारित्र्याची काळजी, मासे खात असाल तर तुमच्या कढईची. एक महिन्याचं भाडं एजंटला, कारण त्याने किल्ली फिरवून दार उघडलं. मग तो एका संध्याकाळी लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मालकांचा अंगठा काही केल्या उमटत नाही. ते तो सदऱ्याला पुसतात, एजंट त्यावर फुंकर घालतो, मालकीणबाई आतून खोबरेल तेल आणतात, आणि पाचव्या खेपेला सर्व्हर बंद पडतो. एवढं करून करार अकरा महिन्यांचाच. का, तर बाराव्या महिन्यात भाडेकरू घर बळकावतो अशी श्रद्धा. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्यात करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. ती जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर वादात अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं धरायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. पण श्रद्धेपुढे कायद्याचं काय चालतं? अकरा महिने संपले की दहा टक्के वाढ. ती दिली नाही तर मालकांचा अमेरिकेतला मुलगा कायमचा परत येतो, आणि तुम्ही घर सोडल्यावर आठवड्याभरात पुन्हा अमेरिकेला जातो.

तरीही भाडेकरूकडे एक गोष्ट आहे जी सॅम्पल फ्लॅटात दाखवत नाहीत. त्याचं संकट एका महिन्याच्या नोटिशीत मावतं. नोकरी गेली तर तो टू बीएचके सोडून वन बीएचकेत जातो, नाहीतर डिपॉझिट परत घेऊन गावाची एसटी धरतो. हप्तेवाल्याला हे जमत नाही. त्याची खोली लहान होत नाही, हप्ता थांबत नाही आणि विकायला काढलं तर कळतं की भाव न पडण्याची ती सगळी व्यवस्था बिल्डरच्या फ्लॅटासाठी होती. तुमच्या फ्लॅटाबरोबर किचन असतं, पण ते वापरलेलं असतं.

मुंबईने हे पाहिलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसांचा पगार थांबला. लालबाग-परळच्या चाळींत अनेकांची दहा बाय बाराची खोली तेवढी टिकली, कारण १९४७च्या कायद्याने भाडं गोठवलेलं होतं. त्याच कायद्यामुळे चाळींच्या दुरुस्तीला मालकांनी हात लावला नाही आणि जिने कोसळले, हेही तितकंच खरं. पण डोक्यावर हप्ता असता तर संपाच्या तिसऱ्या महिन्यातच खोली गेली असती. पुढे त्या गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, आणि त्यातले फ्लॅट मंदीतही महागच असतात.

तर मग घ्यावं की भाड्याने राहावं? हिशेब सोपा आहे. पगार बंद झाल्यावर वर्षभराचे हप्ते कुणापुढे हात न पसरता भरता येत असतील आणि त्याच घरात दहा-बारा वर्षं राहायचं असेल तर खुशाल घ्यावं, तेजी असो वा मंदी. नसेल तर भाड्याने राहावं आणि लग्नकार्यात कुणी विचारलं तर ताठ मानेने सांगावं. भाव पडायची वाट बघत बसू नये. इथे बिल्डरने, सरकारने आणि बँकेने आपापल्या मंदीची सोय लावून घेतली आहे. उरलेली मंदी ज्याची सही त्याच्या नावावर चढते.

यावर आम्ही एक नम्र सुधारणा सुचवली. करारनाम्यात घेणार, देणार आणि दोन साक्षीदार यांच्या खाली आणखी एक रकाना असावा, ‘घेऊन टाक म्हणणारे’. भाच्याची नोकरी गेली तर त्यातल्या प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक हप्ता भरावा. आधार कार्डाची प्रत आणि तीन कोरे चेक जोडावेत. मामाने आपलं नाव पहिलं लिहिलं आणि तो कागद नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा दहा मिनिटांत उमटल्या. काका ग्रुपमधून बाहेर पडले; चुकून बटण दाबलं गेलं असं नंतर म्हणाले. उत्तर एकट्या मावशीचं आलं.

“अरे, मी काय म्हणते, भाड्याने राहण्यात वाईट काय आहे? आपले कितीतरी मोठमोठे लोक भाड्यानेच राहिले की.”