अण्णांचं कूळ

जमिनीचे तुकडे पाडून खंडाने देणारा माणूस तुमच्याही माहितीत असेल. त्याच्या डोक्यावर टोपी आणि काखेत छत्री आली की झाले आमचे एकलहऱ्याचे अण्णा.

वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर मला वांगी लावायची हुक्की आली आणि मी अण्णांच्या तावडीत सापडलो. तीन गुंठे ठरले. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस, म्हणून अण्णा अकरा पावलं आडवी, अकरा उभी टाकतात. मध्यंतरी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून पाऊल आखूड पडतं आणि आमचा गुंठाही. खंड मात्र जुन्याच पावलांचा.

"कागद करू या," म्हटलं, तर साप दिसल्यासारखे मागे सरले. "कागद नको, साहेब. कूळ लागंल."

१९४८चा कूळ कायदा आणि कसणारे मालक झाले तो १ एप्रिल १९५७, ही जोडगोळी अण्णांच्या उशाशी झोपते. मी बांधाला कढीपत्ता लावला, तो संध्याकाळपर्यंत उपटलेला. झाड म्हणजे वहिवाट! रात्री शेतात राहिलेलं फावडं सकाळी माझ्या दारात टेकवलेलं. दर साली तुकड्यांची अदलाबदल: मेथीवाली ताई विहिरीजवळून कोपऱ्यात, कोपऱ्यातला टमाटेवाला रस्त्याकडेला. जावई पंधरा दिवस राहायला आले, तर बाराव्या दिवशी अण्णा मला एसटीचं वेळापत्रक विचारायला हजर. पडवीत मांजर व्याली तेव्हा तर हताश होऊन म्हणाले, "हिला आता काढता यायची नाही."

२०२१पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. घाम ताईचा, वाफा ताईचा. फोटो काढायचा मी आणि सातबाऱ्यावर पीक अण्णांचं. गारपिटीची भरपाईही त्यांच्याच खात्यात उतरली. ताईनं विचारलं तर उत्तर तयार: "दिली असती गं, पण कूळ..." त्या दिवशी मला अण्णांचा मनापासून राग आला.

मग एकदा त्यांनी जुना फेरफार वाचून दाखवायला बोलावलं. मी वाचत गेलो आणि थबकलो. कसणारा म्हणून नोंद कुणाची, तर अण्णांच्या आजोबांची.

"अण्णा, तुमचे आजोबाच कूळ होते?"

अण्णांनी चष्मा पुसला. "म्हणून तर सांगतो, लागतं."

यंदा कोथिंबिरीचा भाव असा पडला की गाडीभाडंही सुटेना. ताईनं वाफ्यात मेंढरं सोडली आणि पदराची गाठ सोडत खंड द्यायला आली. अण्णा तिच्यावर खेकसलेच. "पैसे घेतले की पुरावा होतो! ठेव ते, आधी ठेव!" ती बघतच राहिली. नोटा परत गाठीत गेल्या. जाताना मेंढरांच्या तोंडून वाचलेली एक जुडी ओट्यावर ठेवून गेली.

"जुडीनं नाही का लागत?" मी विचारलं.

"जुडीची पावती नसती, साहेब." काड्या निवडता निवडता ते पुटपुटले.

परवा तिचा नवा तुकडा मोजला. वीज केंद्राच्या चिमण्यांकडे तोंड करून अण्णा एकेक पाऊल टाकत होते. मागे काठ्या रोवत मी. शेवटी थांबून म्हणाले, "अकरा."

मी मोजत होतो. तेरा पडली.