माहिती न मिळण्याचा अधिकार

ज्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणे केली, आणि जो अधिकार २००५ साली कायद्याने लागू झाला, त्याच जिल्ह्यातील एखाद्या कचेरीत लिनक्सचा संगणक बसविला की माहिती न मिळण्याचा तितकाच पवित्र अधिकार विनाउपोषण प्राप्त होतो, ही गोष्ट सर्वथा अभिनंदनीय आहे. अव्वल कारकून मसुदा लिहीत असता डिस्क निकामी होत असल्याची कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, वर्दी पडद्यावर मध्येच अवतरावी, ही शुद्ध बेअदबी होय. वर्द्यांचे दर्जे शून्य ते सात. शून्य सर्वांत गंभीर. 'डीएमईएसजी -एन १' एवढे फर्मान सोडताच यंत्र कोसळण्याची शून्य दर्जाची वर्दीच तेवढी मुख्य पडद्यावर हुजुरात येते. बाकीच्या निमूटपणे दप्तरी दाखल होतात. हीच शिस्त अर्जदारांस लावावी, अशी आमची नम्र शिफारस आहे: टँकरची मागणी चौथ्या दर्जाचा इशारा, जळालेले पीक तिसऱ्या दर्जाची चूक, आणि अर्जदार निवर्तल्यास शून्य, म्हणजे साहेबांच्या दर्शनास पात्र. दप्तराची डिस्क भरली, तर तशी वर्दीही त्याच डिस्कवर लिहावयाची असते.