हिरवी द्या, सहा नग

भोसरीतल्या प्रेसशॉपमध्ये नवा मुलगा कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर दोन जबाबदाऱ्या पडतात: चहा सांगून येणे आणि स्प्रिंगा घेऊन येणे. चहाचं काम अवघड आहे. कोणाला बिनसाखरेचा लागतो ते लक्षात ठेवावं लागतं. स्प्रिंगचं सोपं. तुटका तुकडा कागदात गुंडाळायचा, दुकानाच्या काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, "अशीच हिरवी द्या, सहा नग." हे मार्गदर्शन त्या मुलासाठी आहे. त्याच्या मालकाने वाचलं तरी हरकत नाही.

सुरुवात रंगापासून करू, कारण सगळे तिथूनच करतात आणि बरेचसे तिथेच थांबतात. डायस्प्रिंग म्हणजे बॉलपेनातली स्प्रिंग नव्हे. हिची तार गोल नसते, चपटी असते. तेवढ्याच भोकात जास्त पोलाद मावतं आणि जोर वाढतो. एकाच व्यासाच्या, एकाच लांबीच्या चार स्प्रिंगा शेजारी मांडल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात, पण एक अंगठ्याखाली थोडी तरी लवते आणि दुसरी बाकावरच्या शेगड्यालाही, म्हणजे आमच्या व्हाइसलाही, घाम फोडते. ओळख पटावी म्हणून रंग. आयएसओ 10243 या मानकाप्रमाणे हिरवी हलकी, निळी मध्यम, लाल भारी आणि पिवळी अतिभारी.

पाठ झालं? आता विसरा. जपानी पद्धतीत पिवळी सगळ्यात नाजूक. तिच्यावर निळी, मग लाल, मग हिरवी, आणि सगळ्यात वर तपकिरी. अमेरिकी मालात निळीच्या वर लाल, तिच्या वर सोनेरी आणि हिरवी सगळ्यांच्या डोक्यावर. आयएसओच्या तालमीतली पिवळी पैलवान जपानला गेली की पाळण्यात झोपते आणि इथली किरकोळ हिरवी तिकडे आखाडा गाजवते. चाकणच्या पट्ट्यात जपानी गिऱ्हाइकाची डाय आणि जर्मन गिऱ्हाइकाची डाय एकाच रॅकवर नांदत असताना "हिरवी द्या" म्हणणं म्हणजे पुण्यात रिक्षावाल्याला "पेठेत सोडा" सांगण्यासारखं आहे. तो सोडेल. कुठल्या पेठेत, हे उतरल्यावर कळेल. दुकानदारही कुठल्या देशाची हिरवी ते विचारत नाही. त्याच्या फळीवर एकच असते.

रंगाच्या मागे एक आकडा लपलेला असतो, तो मागा. त्याला रेट म्हणतात: स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती न्यूटन लागतात. जितकी दाबाल तितका जोर वाढतो. हा नियम रॉबर्ट हूक यांचा. त्यांनी 1676 साली तो अक्षरांची सरमिसळ करून कोड्यासारखा छापला आणि उलगडा केला 1678 मध्ये. आमच्या डिझाइन विभागाची ड्रॉइंगं बघता ही परंपरा अजून जिवंत आहे. हूक आणि न्यूटन यांचं आपसात मुळीच पटत नसे. आज हूक यांच्या स्प्रिंगा न्यूटनमध्ये मोजल्या जातात. भाऊबंदकी ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही.

आता हिशेब. या टप्प्यावर अनुभवी मेस्त्री डोळे बारीक करून म्हणतात, "सहा टाकून दे." सहा हा आकडा बऱ्याचदा बरोबरही निघतो, म्हणूनच तो धोकादायक. समजा 2 मिलिमीटर जाडीच्या साध्या पत्र्यात 30 मिलिमीटरचं भोक पाडायचंय. परीघ सुमारे 94. त्याला जाडीने गुणा, मग पत्र्याच्या कातर-ताकदीने, चौरस मिलिमीटरला 350 न्यूटन धरून. झाले 66 हजार न्यूटनच्या आसपास, म्हणजे साडेसहा टनांहून थोडे जास्त. हा जोर प्रेस देते, त्याची चिंता आपण करायची नाही. आपली चिंता पंच वर येताना सुरू होते. पत्रा पंचाला असा बिलगतो की सोडवून घ्यावा लागतो. ते काम स्ट्रिपर प्लेटचं आणि तिच्यामागे उभ्या स्प्रिंगांचं. त्याला कापण्याच्या जोराच्या दहा ते वीस टक्के धरतात. दहा धरले तर 6,600 न्यूटन. सहा जणींत वाटले की प्रत्येकीला 1,100.

स्प्रिंग बसवतानाच 5 मिलिमीटर दाबून बसवली आणि काम करताना आणखी 5 दबली, तर दहा मिलिमीटरला 1,100 न्यूटन. रेट हवा 110. इथपर्यंत सगळे येतात. पुढचं मात्र सहा महिन्यांनी कळतं. पंचाला धार लावली की तो आखूड होतो. मग स्ट्रिपर तेवढा वर घ्यावा लागतो आणि स्प्रिंग तेवढी जास्त दबते. त्यासाठी 3 मिलिमीटर राखून ठेवा. एकूण दाब 13. समजा आयएसओची निळी निवडली. ती फार दिवस टिकवायची तर तिच्या मोकळ्या लांबीच्या पाव हिश्श्यापलीकडे दाबू नये. कॅटलॉगात 37.5 टक्क्यांपर्यंतचाही आकडा दिसेल. ती वेस आहे, वस्तीची जागा नव्हे. 13 चे चौपट 52.

कॅटलॉगात 51 आहे, आणि त्यानंतर थेट 64.

माणसाची पारख इथे होते. "एका मिलिमीटरने काय होतंय?" असं म्हणणाऱ्याने मिनिटाला साठ ठोके गुणिले आठ तास एवढंच करून बघावं. एका शिफ्टला 28,800. पस्तीस शिफ्टांत दहा लाख. तुमच्या गुडघ्याला कोणी दहा लाख उठाबशा काढायला लावल्या आणि प्रत्येक वेळी "अजून थोडं खाली" म्हटलं, तर तुम्ही कुठल्या पाळीत मोडाल?

64 ची मिळाली नाही म्हणून 127 ची आणून कटिंग व्हीलवर अर्धी करणारे कलाकारही आहेत. त्यांना वाटतं, अर्धी स्प्रिंग म्हणजे अर्धा जोर. प्रत्यक्षात वेढे अर्धे झाले की रेट दुप्पट होतो; स्प्रिंग मऊ न होता चिडते. शिवाय कापताना टोक तापून पाणी उतरतं आणि सपाट घासलेलं तोंड जातं, त्यामुळे ती तिरकी बसते. कापलेल्या स्प्रिंगा ओळखणं सोपं आहे: डायमध्ये त्या नेहमी तुटलेल्या असतात.

भोकाचं थोडक्यात. कॅटलॉगातला 25 हा भोकाचा व्यास आहे, स्प्रिंग मुळातच त्याहून किंचित बारीक बनवलेली असते. व्हर्नियरने स्प्रिंग मोजून तंतोतंत तेवढंच भोक पाडणारा मुलगा हुशार असतो, पण दबताना स्प्रिंग थोडी फुगते हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. साध्या ड्रिलने तळ शंकूसारखा राहतो. तो एंडमिलने सपाट करा. लांबी व्यासाच्या चौपटीपलीकडे गेली तर आतून दांडी द्या, नाहीतर स्प्रिंग पोटातून वाकते.

एक तुटली की सहाही बदलायच्या. यावर मालकांचा ठरलेला प्रश्न असतो: "पाच तर चांगल्या आहेत ना?" त्या चांगल्या नाहीत, थकलेल्या आहेत. नवी ताठ उभी राहते, स्ट्रिपर कलतो, आणि मग पंच मोडतो. पंचाचं बिल आलं की मालकांना पाच स्प्रिंगांची किंमत आपोआप समजते.

प्लास्टिकच्या मोल्डमध्ये इजेक्टर प्लेट मागे आणायला ह्याच स्प्रिंगा लावतात. गणित तेच, उष्णता जास्त. पण सगळा भरवसा त्यांच्यावर टाकू नका. रिटर्न पिना असू द्या.

राहिला रंगाचा विषय. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं धुतात, ऑइलपेंटचा हात मारतात, झेंडूचे हार घालतात. एका वर्षी हेल्परने उत्साहात, उरलेल्या डब्यात रॅकवरच्या सगळ्या स्प्रिंगा बुडवून काढल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. फार सुंदर दिसत होत्या. पूजेला आलेल्या पाहुण्यांनी कौतुकही केलं. दसऱ्यानंतर आम्ही दोघं आठवडाभर व्हर्नियर घेऊन तारेची जाडी मोजत आणि वेढे मोजत बसलो होतो. तिघींचं गोत्र अजून लागलेलं नाही. त्या ऑफिसात चलनांवर वजन म्हणून ठेवल्या आहेत. रंग हिरवा.