ओला रंग, कोरडा अंगठा

'ओला रंग, हात लावू नये' ही पाटी वाचून हात न लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आपण त्याला आगाऊपणा म्हणतो. प्रयोगशाळेत त्यालाच चाचणी म्हणतात. अमेरिकेच्या एएसटीएम डी १६४० या मानकात तर अंगठ्याचं शास्त्रच आहे: रंगावर अंगठा जोर लावून दाबायचा आणि ९० अंशांत फिरवायचा. थर सुटला नाही, सुरकुतला नाही, तर रंग आतपर्यंत वाळला.

अंगठेबहाद्दरांवर विश्वास नसेल, तर यंत्र आहे. सुमारे ३० सेंटिमीटरच्या काचपट्टीवर रंगाचा थर देतात. त्यावरून एक सुई ६, १२ किंवा २४ तास सावकाश सरकत राहते. आधी तिने पाडलेली रेघ आपसूक भरून येते, मग रेघ टिकते, मग थर फाटतो आणि शेवटी सुई नुसतीच वरून घसरते, ओरखडाही उठत नाही. कार्यालयात अर्ज घेऊन वर्षभर खेटे घालणाऱ्याला हे टप्पे नव्याने शिकवायला नकोत.

डब्यावरची वेळ बहुधा प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत मोजलेली असते. कोकणातल्या श्रावणाला हे कुणी कळवलेलं नसतं. आमचे पेंटरमामा मात्र कुठल्याही ऋतूत एकच निष्कर्ष देतात: "उद्यापर्यंत वाळेल." त्या 'उद्या'चं मानक अजून निघालेलं नाही. तोवर माझ्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ हेच आमच्या घरातलं अधिकृत मोजमाप.