दहा वाजले, तंबोरे आवरा

घर गेल्याचं दुःख करायला घर स्वतःचं असावं लागत नाही, हे पुणेकरांनी 2018 साली सिद्ध केलं. त्या वर्षी सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव रमणबागेचं पटांगण सोडून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. आणि ज्यांनी आजोबांचा वाडा बिल्डरला देऊन त्याच जागी दोन बेडरूम आणि एक पार्किंग पदरात पाडून घेतलं होतं, तेच लोक 'आता ते वातावरण राहिलं नाही हो' असे उसासे टाकू लागले. वाडा पाडला तेव्हा वातावरणाचं काय केलंत, असं विचारायची सोय नाही. पुण्यात भावना गुंतवायची ती दुसऱ्याच्या सातबाऱ्यात.

पटांगण न्यू इंग्लिश स्कूलचं. चिपळूणकर-टिळकांनी 1880 साली काढलेली शाळा. शाळेचं पटांगण हे मुलांनी गुडघे फोडून घेण्यासाठी असतं. त्यावर मांडव टाकून आपण वर्षानुवर्षं विलंबित एकताल ऐकला, वडे खाल्ले, दिग्गजांच्या छायाचित्रांची कॅलेंडरं विकत घेतली आणि मग त्या मातीवर वहिवाटीचा हक्क सांगू लागलो. रमणबागेच्या आधीही महोत्सव दुसरीकडे भरतच होता, पण त्या जागांसाठी उसासे टाकणारे आता फारसे उरलेले नाहीत. आणखी तीस वर्षांनी मुकुंदनगर सोडायची वेळ आली, तर 'मुकुंदनगरची ती मजा नाही' म्हणणारी पिढी आज पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर मोबाइल बघत बसलेली आहेच.

आणि मुळात स्थलांतराचा शोक कुणी करावा? ज्यांच्या नावाने हा उत्सव आहे ते सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, धारवाडकडचे. 1952 साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी गुरूच्या स्मृतीसाठी ज्यांनी हा उत्सव सुरू केला, ते भीमसेनजी गदगचे. गुरू शोधायला लहानपणीच घर सोडून विनातिकीट रेल्वेने हिंडलेला तो मुलगा. गुरू धारवाडकडचे, शिष्य गदगचा. यात पुणेरी एवढं एकच, ते म्हणजे तक्रार.

आता या प्रकरणात आम्ही मावळातली माणसं कुठे येतो, असं तुम्ही विचाराल. आम्ही कुठेच येत नाही. आम्हाला कुणी विचारलंच नाही.

रमणबाग ही आमची जागा होती, कारण ती शिवाजीनगर स्टेशनच्या पायाशी होती. शनिवारवाड्याकडून निघायचं, नवा पूल ओलांडायचा, महापालिकेवरून सरळ चालत सुटायचं. वाटेत गाण्यावर भांडण झालं तरी ते संपायच्या आत स्टेशन यायचं. पुणे-लोणावळा लोकल 1978 साली सुरू झाली आणि कामशेत-मळवलीच्या माणसाला शास्त्रीय संगीत परवडायला लागलं. तेव्हा मैफल रात्रभर चालायची. पुणेकराला ती गाण्याची चैन वाटायची, आमच्या दृष्टीने ती मुक्कामाची व्यवस्था होती. शेवटची लोकल चुकायची भीती नाही, नातेवाइकाकडे 'आज तुमच्याकडेच टेकतो' असं ओशाळं तोंड करून जायला नको. सतरंजीवर बूड टेकायचं, मफलर कानांवरून घ्यायचा, पहाटेचा ललत ऐकायचा आणि पहिल्या लोकलने तळेगावपर्यंत बसल्या बसल्या डुलकी काढायची. वडगावला उतरणारा कुणीतरी कान्हेला उठायचा, पण तेवढं चालायचंच.

मग ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पक्की मोहोर उठवली. वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देता येते, त्यातली एखादी रात्र सवाईच्या वाट्याला येते. पटांगण गेल्याची बातमी पहिल्या पानावर आली. रात्र गेली ती मात्र परिपत्रकातून, मुकाट्याने. खरं घर तेव्हाच गेलं होतं. मालकंस नि दरबारी हे बिचारे मध्यरात्रीचे राग. त्यांना आता नऊच्या आत हजेरी लावून, रिकामं होऊन घरी जावं लागतं. ललत-भटियारांना तर अवतरणासाठी रविवारच्या सकाळच्या सत्राची वाट पाहावी लागते, तेही कुणी ठेवलं तर.

नियम चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात, पहाटे गोठ्यात जाणारे असतात. झोप मिळालीच पाहिजे. माझी अडचण एवढीच की हा नियम कुणाला लागतो, ते मला शुक्रवारी संध्याकाळी लोणावळ्यात नीट समजतं.

शुक्रवारी सात वाजल्यापासून एक्सप्रेसवेवरून गाड्या उतरतात. मागच्या डिकीत बर्फ, पुढच्या सीटवर स्पीकर. बंगला दोन रात्रींसाठी भाड्याने, पोहण्याच्या टाकीसकट. साडेदहाला स्पीकरची पहिली तपासणी होते, म्हणजे माझ्या खिडकीची काच तिच्या चौकटीत एकदा हलते. अकराला टाकीत उडी मारणाऱ्यांचे आकडे मोजले जातात. एकला कुणाचा तरी वाढदिवस असतो. गेल्या पावसाळ्यात एकाच मुलाचा वाढदिवस लागोपाठ दोन्ही रात्री झाला. दीडला शेजारच्या आजी उठून भिंतीवर काठी आपटतात, आणि पलीकडून वाटतं की ताल धरलाय, म्हणून आवाज वाढतो. तक्रार केली की गाडी येते, गाडी दिसली की आवाज उतरतो, गाडी वळली की चढतो. आरोह-अवरोह म्हणतात तो हाच असावा.

तर कायद्याचं शास्त्र असं आहे. सवाईवाले महिनोन्महिने आधी अर्ज करतात, परवानग्या घेतात, पत्रिका छापतात. त्यामुळे कुठे जाऊन घड्याळ दाखवायचं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. बंगल्यातल्या मंडळींनी अर्जच केलेला नसतो. मग त्यांच्यावर मर्यादा कुठली घालणार? ज्याने विचारलं त्याला दहा, ज्याने विचारलं नाही त्याला उजाडेपर्यंत.

मुकुंदनगरने आमच्या हालात नवी तान घातली. आता शिवाजीनगर नाही, स्वारगेट. पुणे स्टेशन गाठायचं तर रिक्षा, आणि गाण्याहून परतणाऱ्या म्हाताऱ्याकडे रिक्षावाला ज्या नजरेने बघतो, तिला मीटर नसतं. 2024 च्या सप्टेंबरात मेट्रो भुयारातून स्वारगेटला पोचली, तेव्हा जरा हायसं वाटलं. पण तीही वेळेवर निजणारी, चांगल्या घरातली. आमच्या कामशेतच्या काकांनी यावर स्वतःची विद्या तयार केली आहे. गायक मंद्रात किती रेंगाळतो यावरून ते द्रुत कधी सुरू होणार आणि आपल्याला उठायला केव्हा लागणार, याचं गणित मांडतात. "अजून मध्यमावर आहे," ते कानात सांगतात, "तराणा ऐकलास तर तळेगाव विसर." वर्षानुवर्षं त्यांनी दिग्गजांचा बडा खयाल ऐकला आहे, छोटा त्यांना कॅसेटवरूनच माहीत. आणि ज्या शनिवारी बारापर्यंत सूट मिळते, त्या रात्री ते येतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने बाराची मैफल म्हणजे पुणे स्टेशनच्या बाकड्यावर पहाटेपर्यंत डासांची जुगलबंदी.

यावर एकाने तोडगा सुचवला की उत्सवच मावळात आणा. दाखला अमेरिकेचा दिला. 1969 साली वॉलकिल नावाच्या गावाने ऐन वेळी दार लावलं, तेव्हा बेथेलमधल्या एका गवळ्याने आपलं रान दिलं, आणि वूडस्टॉकचा तो जगप्रसिद्ध जलसा वूडस्टॉक गावापासून सत्तरेक किलोमीटरवर झाला. पुणे-लोणावळा रेल्वेने 64. हिशेब जवळजवळ तंतोतंत! नाहीतरी गोव्यातून हललेला सनबर्न हा नाचण्याचा जलसा 2016 साली पुण्याजवळ केसनंदला आलाच होता. नाचायला रान मिळतं, तर ऐकायला का नाही?

मग आम्ही रान शोधायला निघालो. गवळी सापडला, रान नव्हतं. जिथे इंद्रायणी भात डुलायचा (तो वाण वडगावच्या संशोधन केंद्रातला, म्हणजे आमच्याच मातीतला), तिथे आता कंपाउंड, गेट, आणि गेटवर इटलीतल्या कुठल्या तरी गावाचं नाव. त्या गवळ्याचा मुलगा त्याच गेटवर वॉचमन आहे, हा त्यातल्या त्यात पक्का रोजगार. "सरकार," तो म्हणाला, "जागा विकताना बापाला सांगितलं होतं की इथे शांतता राहील."

शेवटी पवनेच्या बाजूला एका बंगल्याच्या मालकाने हिरवळ द्यायचं कबूल केलं. सज्जन माणूस. भाडं नको म्हणाला, वडे-चहाचं बघतो म्हणाला, वडिलांना गाणं आवडायचं असंही म्हणाला. आम्ही हरखून गेलो. काकांनी तर दरबारी कुणी गावा याची यादीही काढली. निघताना त्याने हात जोडून एकच विनंती केली.

"दहाच्या आत तंबोरे तेवढे आवरा. पलीकडच्या बंगल्यातल्या पार्टीला त्रास होतो."