परांग ला : आखणीचे शास्त्र

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातील किब्बर गावातून निघायचे, परांग ला ही खिंड ओलांडायची आणि लडाखमधल्या त्सो मोरिरी सरोवरावर उतरायचे, अशी ही जुनी व्यापारी वाट. चालणे साधारण आठवडाभराचे. आखणी मात्र दिवाळीला सुरू होते आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत पुरते. खिंड साडेपाच हजार मीटरच्या वर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. तीन कळसूबाया एकीवर एक रचल्या तरी चौथीची थोडी उसनवारी करावीच लागते.

पहिले काम माणसे जमवण्याचे. व्हॉट्सॲपवर गट स्थापन होतो तेव्हा सगळेच ‘शंभर टक्के’ असतात. तारीख निघाली की टक्के उतरू लागतात. स्पिती पर्जन्यछायेत असल्याने ही वाट ऐन पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये चालता येते. नेमके त्याच सुमारास गणपतीही येतात. कोकणात घर असलेले सभासद पहिल्याच फेरीत गळतात.

उरलेले दर रविवारी सिंहगड चढतात. त्याने दम वाढतो. वर पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही झाले की वजनही वाढते. शिवाय सिंहगडावर हवा मुबलक. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि त्याचा सराव पुणे जिल्ह्यात कुठेही होत नाही. त्याला उपाय एकच : सावकाशी. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. स्पितीतल्या काझाला नुसते बसून राहायला रजा हवी, हे साहेबांना कसे सांगावे याबद्दल ते शास्त्र मौन पाळते.

सर्वाधिक बैठका खाण्यावर होतात. एवढ्या उंचीवर पाणी ८२-८३ अंशांनाच उकळते, डाळ दाद देत नाही, म्हणून प्रेशर कुकर लागतो. कुकर कोणाचा आणि शिट्ट्या किती, यावर दोन बैठका सहज जातात. बेसनलाडू, भाजणी, मेतकूट यांच्या याद्या होतात. प्रत्यक्षात उंचीवर भूकच मरते आणि लाडू घोडेवाल्यांच्या मुखी पडतात. सगळे ओझे त्यांचीच घोडी वाहत असल्याने हा न्याय वाईट म्हणता येणार नाही. घोड्यांचे भाडे परतीच्या दिवसांसकट द्यावे लागते, हे खजिनदाराला फार उशिरा कळते.

वाटेत मोबाइलला रेंज नाही. परदेशातल्या भाच्याकडून सॅटेलाइट फोन मागवण्याची सूचना हमखास येते. सरकारी परवानगीशिवाय तो भारतात बाळगणे गुन्हा आहे. सीमा जवळ, त्यामुळे कागदपत्रांचे नियम निघण्यापूर्वी नव्याने तपासावे लागतात. कागदांची फिकीर नसते ती फक्त परे चू नदीला. ती खिंडीपलीकडून निघते, खुशाल तिबेटात शिरते आणि सुमदोपाशी भारतात परत येते. दुपारी बर्फ वितळून तिचे पाणी चढते, म्हणून ती सकाळीच ओलांडायची असते. सगळ्यांचा चहा, दात आणि बुटांच्या नाड्या तोवर उरकणे, हा मोहिमेतला खरा कठीण टप्पा.

हवामान बिघडले, कोणाचे डोके ठणकू लागले किंवा नदीने अडवले, तर हाताशी असावा म्हणून जाणकार वेळापत्रकात एक राखीव दिवस ठेवायला सांगतात. तो ठेवला जातो. पुढे कोणाची तरी रजा एका दिवसाने कमी पडते आणि एकमताने तोच कापला जातो.