टाकीतला ठेचा

अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली एक यंत्र कल्पिलं. टाकीत तरंगत पडायचं, डोक्याला तारा जोडायच्या आणि हवा तो अनुभव घ्यायचा. थोर कादंबरी लिहिल्याचा म्हणा, मैत्र जुळल्याचा म्हणा. आपण टाकीत आहोत हे आत असताना कळणारही नाही. नोझिकना हे यंत्र नापसंत होतं. माणसाला केल्यासारखं वाटून भागत नाही, खरंच करायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. माझी शंका त्याहून हलकी आहे. तिथे कंबर दुखणार नाही, विजेचं बिल येणार नाही. मग मजा येईल का?

सुखदुःख जुळी भावंडं, असं सांगणारे पुष्कळ. त्यांत मला सॉक्रेटिस आवडतो, कारण तो हे पाय चोळत सांगतो. प्लेटोच्या ‘फीडो’त त्याच्या अखेरच्या दिवशी पायातली बेडी काढतात, आणि ठणक्याच्या जागी सुख कसं आलं याचंच त्याला नवल! सूर्यास्ताला विष प्यायचंय, आणि हा गृहस्थ पोटरीत रमलाय.

पण वासाच्या सुखाला आधी दुःख लागत नाही, हेही प्लेटोनंच लिहून ठेवलंय. खरंच, मोगरा दरवळला नाही म्हणून कुणी सकाळपासून कण्हत बसत नाही. फक्त ओंजळभर फुलं उशाशी ठेवली, की थोड्या वेळानं नाक त्यांना विचारेनासं होतं. बाहेर चक्कर मारून आलं की पुन्हा घमघमाट. म्हणजे दुःख नको, मध्ये जरा खंड पुरे. एवढ्यावर मी टाकीत उतरलोही असतो.

घोळ केला ठेच्यानं. तिखट ही मुळी चवच नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन भाजल्याची वर्दी देणाऱ्या नसाच चेतवतं. जिभेच्या हिशेबी तोंड पेटलेलं असतं, आणि आपण नाक पुसत पुढचा तुकडा ठेच्यातच बुडवतो. यातली आग काढली तर उरतो लसणाचा हिरवा लगदा.

मावशीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग घाला की त्यात ठेचा. दाढदुखी तेवढी काढा.” दाढदुखीमुळे कुणाच्या जेवणाला गोडी आल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. तिच्या डाव्या गालात तेव्हा लवंगेच्या तेलाचा बोळा दाबलेला होता, त्यामुळे मी सॉक्रेटिसाची बाजू मांडली नाही.

सगळेच आत गेले तर यंत्रं सांभाळणार कोण, हा प्रश्न नोझिकनी वाचकांना बाजूला ठेवायला सांगितला होता. मावशीनं तो ठेवला नाही.

“आणि भाकऱ्या कोण थापणार रे? मी?”